भाचीला दिलेली स्टिक

दुपारी जेवून मी दिवाणावर आडवी होते. एप्रिलचा रविवार आहे. खिडकीतल्या कूलरचं पाणी संपत आलंय आणि त्याचा आवाज कोरडा झालाय. आई आत भांडी घासतेय. माझ्या उजव्या हातात शामूमामाची हॉकी स्टिक आहे. मी ती मधोमध धरलीय, छत्री धरावी तशी. स्टिक आमची नाही. जिची आहे ती बाई संध्याकाळी न्यायला येणार आहे.

झोप लागता लागता शरीर एकदा दचकतं. ते का, यावर अजून शास्त्रज्ञांचं एकमत नाही. एक तर्क असा की स्नायू सैल पडतात आणि मेंदूला वाटतं आपण पडतोय. माझा पाय दचकतो, आणि मी मैदानाच्या जाळीपाशी रांगेत उभी असते.

जाळीच्या पलीकडे मामा आहे. निळा शर्ट घामाने काळा पडलाय. डाव्या गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलीय आणि तिच्यातून पाणी गळतंय. मामा मार्चमध्ये वारला. हे मला रांगेतही माहीत आहे, पण त्याने काही फरक पडत नाही, कारण पुढच्या माणसांना घाई आहे.

"काय भाचेराव! जेवलात का?" मामा पहिल्याला विचारतो.

"मामा, आज सामन्यात आपण पडलो हो."

"पडलो नाही रे. जरा बसलो. उठू की."

रांग हसते. एक म्हातारी जाळीतून हात घालते. "मला कशाला भाची म्हणतोस? तुझ्या आईच्या वयाची मी."

"मग आईची सही मला द्या," मामा म्हणतो आणि पेन तिच्याकडे धरतो.

तो असाच होता. शामुवेल साळवे, व्यावसायिक लीगमधला बचावपटू, खडकीचा. सामना संपला की बाकीचे खेळाडू आत जायचे आणि हा जाळीपाशी यायचा. शेवटचं पोरगं जाईपर्यंत हलायचा नाही. प्रत्येकाला भाचा किंवा भाची म्हणायचा, म्हणून सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. मी त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. माझ्यासाठीही त्याच्याकडे तोच शब्द होता. वेगळा नव्हता.

"शामू, बर्फ!" आतून फिजिओ ओरडतो. "आत ये, गुडघा जाईल!"

"बर्फ थांबेल. यांची बस नाही थांबणार."

मी पिशवीकडे बघते. पाणी सतत गळतंय, पण बर्फ कमी होत नाहीये. हे शक्य नाही. मी ते लक्षात ठेवते. झोपण्यापूर्वी मी स्वतःशी एक नियम ठरवला होता: स्वप्नातला माणूस माझ्याच मेंदूतून येतो, म्हणून मला माहीत नसलेलं काही तो सांगू शकणार नाही. आणि मला त्याच्याकडून नेमकं तेच हवंय. एक गोष्ट, जी त्याने फक्त मला दिली असेल. मग ती वस्तू असो की वाक्य.

कारण घरी काहीच नाही. पदकं त्याने शाळेला दिली. शर्ट वाटले, बूट वाटले, पेनल्टी कॉर्नर अडवताना फुटलेला चेहऱ्याचा मास्कसुद्धा एका पोराने मागितला म्हणून दिला. गुडघ्याचा पट्टा तेवढा उरला होता. तो आईने त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवला.

रांग पुढे सरकते. आता पायाखाली फरशी आहे आणि फिनेलचा वास येतोय. हे हॉस्पिटल आहे, तातडीच्या विभागाचं दार. जाळी तशीच आहे, दारापासून स्ट्रेचरपर्यंत ताणलेली. माझ्या पुढे गणवेशातला सुरक्षारक्षक उभा आहे. त्याच्या हातात मोबाईल आहे.

"मामा! ओळखलं का? माझा पोरगा गोलकीपर आहे. तुम्ही त्याला पॅड बांधून दिले होते."

"अरे! काय भाचेराव. कसा आहे तो?"

"एक फोटो घेऊ का? त्याला दाखवतो."

मामा छातीवरचा हात काढतो. केस नीट करतो. रक्षकाच्या खांद्यावर हात टाकतो आणि हसतो.

हे खरंच घडलंय. आई फाईल घेऊन शेजारी उभी होती आणि म्हणत होती, "शामू, चल." तो म्हणाला, "आलोच गं." त्याने पोराची उंची विचारली, सराव कुठे करतो ते विचारलं. मग आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. डॉक्टर म्हणाले की त्या थोड्या वेळाने काही बदललं असतं असं सांगता येत नाही. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा तपासलंय. बदललं नसतं, असंही ते म्हणत नाही.

तो फोटो आमच्याकडे आहे. रक्षकानेच पाठवला, खाली हात जोडल्याची खूण. मामाचा शेवटचा फोटो. आई त्यात नाही. फाईलचा कोपरा दिसतो.

"पुढं व्हा," मागून कोणीतरी मला ढकलतं. "इथे सगळेच भाचे आहेत, बाई. तुम्हीच नाही."

मी वळते. मागे श्रद्धांजली सभेतली माणसं बसलीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, हॉस्पिटलच्या त्या बोळात. व्यासपीठावर क्लबचे सचिव माईक ठोकतायत.

"आता मामांची भाची आपल्यासमोर दोन शब्द बोलेल."

मी उठते. तेव्हाही उठले होते. कागदावर काही लिहिलं नव्हतं, पण ओढणी नीट केली होती. आणि तेव्हाही, आताही, मी चौथ्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत व्यासपीठावर एक बाई चढलेली असते. वैशाली ढमढेरे. सचिवांनी कोणाला तरी सांगितलं होतं, मामांच्या भाचीला फोन करा, आणि त्या कोणाला तरी हीच भाची माहीत होती. त्याची चूक म्हणता येत नाही. त्याने विचारलं असतं, "मामांची भाची कोण?" तर अर्ध्या खडकीने हात वर केला असता.

आई माझं कोपर धरून मला खाली बसवते. "राहू दे. तिला रडू तरी येतंय."

वैशालीताईंना खरंच रडू येत होतं. त्या लहानपणी एका हरलेल्या अंतिम सामन्यानंतर जाळीला धरून रडत होत्या आणि मामाने त्यांना आपली स्टिक देऊन टाकली होती. ही स्टिक. सगळा हॉल रडला. सभेनंतर त्यांनी ती आईच्या मांडीवर ठेवली. "फोटोपाशी ठेवा थोडे दिवस. मग मी घेऊन जाईन." त्या फार चांगल्या आहेत. क्लबच्या दालनात ती लागेल तेव्हा खाली पाटी असणार आहे: मामांनी भाचीला दिलेली स्टिक.

"नेक्स्ट," मामा म्हणतो.

माझ्यापुढे आता कोणी नाही. जाळीच्या पलीकडे माझी प्रयोगशाळा आहे. मामा माझ्या स्टुलावर बसलाय. शेजारच्या यंत्रात रबराची पट्टी लावलीय आणि यंत्र ती हळूहळू ताणतंय. हे माझं रोजचं काम आहे: पट्टी कधी तुटते ते बघायचं.

"काय भाचीबाई! जेवलात का?"

"हो."

"कशावर सही करू? आणि नाव काय लिहू?"

मला वाटतं तो चेष्टा करतोय. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघते. चेष्टा नाही. तो पेन घेऊन थांबलाय, प्रत्येकासाठी थांबायचा तसा, जणू जगात दुसरं कोणी नाही.

"तुम्हाला माहीत आहे," मी म्हणते.

मला माझाच आवाज ऐकू येतो. तुम्ही. आयुष्यात कधी मी त्याला तुम्ही म्हटलेलं नाही. रांगेत उभं राहून राहून ते तोंडात आलंय.

"खूप भाच्या आहेत हो," तो ओशाळून हसतो. "डोकं चालत नाही आता. नाव सांगा ना."

यंत्र पट्टी ताणतंय.

"मामा, तू गाढव आहेस."

त्याचं पेन खाली येतं. तो मान वर करतो. "रिबका? तू होय! आणि रांगेत काय करतेस?"

"उभी आहे."

"घरचं माणूस रांगेत उभं राहतं का?"

"मग घरच्या माणसाला कुठे मिळतं, ते सांग. मी तिकडे जाऊन उभी राहते."

तो हसत नाही. "घरच्यांना काय द्यायचं? त्यांचं असतंच की."

"काय असतं? दाखव."

मामा पायाशी पडलेली किटबॅग उघडतो. आत हात घालतो, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. बॅग उलटी करतो. थोडं पाणी पडतं.

"छातीत दुखत होतं," मी म्हणते. "आणि तू केस नीट केलेस."

"त्याचा पोरगा गोलकीपर आहे."

"ते कळलं. पण आई फाईल घेऊन उभी होती."

"तुझ्या आईला माहीत असतं गं, शालीला, मी येतो म्हणून."

"आला नाहीस."

तो गुडघ्यावरची पिशवी दाबतो. बोलतो तेव्हा त्याचा आवाज जाळीपाशी असायचा तसा नाही. घरी सोफ्यावर पाय वर करून बसायचा, तेव्हाचा आहे.

"लोक म्हणतात मामा मोठ्या मनाचा. मन कसलं. मला जाता यायचं नाही. जाळीपाशी एक जरी उभा असला, तरी मी शामुवेल साळवे. तो गेला की मी कोण? शालीचा लंगडणारा भाऊ. तो जाऊ नये म्हणून मी विचारायचो, जेवलास का, शाळा कुठली, घरी कोण कोण असतं."

"आम्हाला कधी नाही विचारलंस."

"तुम्ही कुठं जाणार होतात?"

तो हे अगदी साधेपणाने म्हणतो. मी नियम आठवते. हे सगळं माझ्याच डोक्यातून येतंय. म्हणजे हेही मीच म्हणतेय. त्याने मला बरं वाटत नाही.

"मला काहीतरी दे," मी म्हणते. "एकच. दुसऱ्या कोणाला दिलं नसशील असं."

मामा आजूबाजूला बघतो. यंत्र, पट्टी, रिकामी बॅग. मग त्याची नजर माझ्या हाताकडे जाते. माझ्या हातात स्टिक आहे.

"ही अशी धरतात? भाजी आणायला निघालीस का?"

"मला कधी शिकवलं नाहीस."

"इकडे कर." तो जाळीतून दोन्ही हात बाहेर काढतो. भोकं लहान आहेत, तरी हात येतात, आणि गार आहेत. तो माझा डावा हात दांड्याच्या वरच्या टोकाला नेतो आणि त्याच्यावर आपली मूठ आवळतो. "डावा वर. कायम. अंगठा आणि हे बोट, यांच्यामधली रेघ दांड्याच्या पाठीवर आली पाहिजे. आली? आता उजवा सैल. उजव्याने नुसतं धरायचं. सगळं डाव्यात."

"हे सगळ्यांना शिकवायचास."

तो आणखी आवळतो.

"मामा, दुखतंय."

"अजून थोडं," तो म्हणतो. मागून फिजिओ ओरडतो, बर्फ, बर्फ, आणि या वेळी मामा आज्ञाधारकपणे उठतो, वळतो, आत जातो. सगळे गेल्यावर जायचा, तसाच. यंत्रातली पट्टी खटकन तुटते.

कूलर बंद झालाय. आईने बटण दाबलं, त्याचा तो आवाज असणार. मी दिवाणावर आहे, भिंतीकडे तोंड करून. उजवा हात रिकामा आहे. स्टिक डाव्या हातात आहे, अगदी वरच्या टोकाला, आणि मूठ इतकी घट्ट आहे की बोटं एकेक करून उघडावी लागतात.

तळहातावर ग्रिपची नक्षी उमटलीय. तिरक्या रेघा, मधे बारीक ठिपके. अंगठा आणि बोटाच्या मधे एक सरळ, लाल वळ.

मी कूस बदलली असणार. उजवा हात अंगाखाली आला, बधिर झाला, झोपेतच मी स्टिक डाव्यात घेतली. हे पुरेसं आहे. कातडी दाबली की तिच्यातलं पाणी बाजूला सरकतं आणि दाब गेला की परत येतं. थोड्या वेळाने यातलं काही दिसणार नाही.

दारावरची घंटी वाजते. आई ओले हात पदराला पुसत जाते.

"कोण?"

"मी. मामांची भाची. स्टिक न्यायला आलेय."

आई मागे वळून माझ्याकडे बघते. मी उठते, स्टिक उजव्या हातात मधोमध धरते आणि दारात नेऊन देते. वैशालीताई ती घेतात. घेताक्षणी त्यांचा डावा हात आपोआप वर जातो, अंगठा आणि बोटामधली रेघ दांड्याच्या पाठीवर येते, उजवा सैल राहतो.

"मामांनीच शिकवलेलं," त्या म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. "सवयच लागली. तुम्ही त्यांच्या कोण?"

"भाची."

"आपण सगळ्याच की," त्या प्रेमाने म्हणतात आणि माझ्या दंडावर थोपटतात.

माझा डावा हात पाठीमागे आहे. रेघा अजून बोटांना लागतायत. मी मूठ मिटून घेते.