अकरा गोळ्या

वेलांट्या चुकतील, अक्षरही वाकडं येईल, तेवढं सांभाळून घ्या. चौथीनंतर पेन हातात धरायची वेळच आली नाही. लेकीच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहितेय. यातलं नवऱ्याला काही माहीत नाही, सासूला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या शोभाताईलाही मी सांगितलेलं नाही.

शोभाताई आमच्या वस्तीची आशाताई. मी अशी लाजरी, की दवाखान्यात पाळीची तारीख विचारली तरी पदर तोंडात जायचा. आणि ही बाई अंगणवाडीच्या ओट्यावर सतरंजी टाकून सगळं मांडायची — गोळ्या, तांबी, इंजेक्शनची बाटली, निरोध — कासारीण बांगड्या मांडते तशी. अमुकच घ्या असं कधी म्हणाली नाही. रोज आठवण राहत असेल तर गोळी. राहत नसेल तर तांबी. ती बसवली की कित्येक वर्षं बघायला नको, पण पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं. इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, तारीख चुकवायची नाही. लेकरं पुरे झाली तर ऑपरेशन — आणि पुरुषाचं ऑपरेशन बाईच्यापेक्षा सोपं असतं, हे ती पारावरच्या पुरुषांनाही ऐकवायची. रोगापासून मात्र वाचवतो तो एकटा निरोध. एकीचा नवरा टँकरवर महिना-महिना बाहेर असायचा. ती काही विचारायची नाही, तरी तिच्या पिशवीत ताई कागदात गुंडाळलेली पाकिटं गुपचूप ठेवायची.

एकदा तिनं निरोध मक्याच्या कणसावर चढवून दाखवला. तशी म्हातारी रुक्मिणकाकू मागून ओरडली, "शोभे, आमच्या घरी मका न्हाई पिकत, बाजरी पिकती. त्या मापाचा हाय का?"

सगळ्यांत आधी ताईच हसली. मग म्हणाली, "काकू, माप एकच असतंय. बसतंय समद्यांना."

अशी बाई. तिचं किती सांगू? की सांगायचं ते टाळतेय मी?

मी गोळ्या घेत होते. दिवाबत्ती केली की एक गोळी. महिना संपला की ताई रिकामं पाकीट बघायची. एकदा सगळ्या बायांसमोर म्हणाली, "नेम बघायचा तर हिचा बघा." माझं नाव चार जणींत कुणी चांगल्यासाठी घेतलं, ते पहिल्यांदाच. घरी येऊन मी आरशात बघितलं होतं — खरंच.

मग पंचमीला चौसाळ्याला माहेरी गेले. पाकीट इथंच राहिलं, पेटीत, लुगड्याखाली. आईला ताप आला, दोन दिवसांचे अकरा झाले. ताईनं आधीच बजावलं होतं — गोळ्या सुटल्या तर लपवू नको, मला सांग, तोवर निरोध वापरा. पाकिटंही दिली होती. मी काय केलं? परत आल्यावर चुलीपुढं बसले आणि अकराच्या अकरा गोळ्या अंगठ्यानं दाबून काढल्या, जाळात टाकल्या. पाकीट तारखेला बरोबर जुळलं. बाराव्या दिवसापासून नेमानं पुढची गोळी घेतली. नवऱ्याला काही बोलले नाही.

मला दिवस गेले. सासू म्हणाली, "गोळ्या खात हुतीस ना गं?" मी पाकीट तिच्यापुढं धरलं. "एकबी चुकली न्हाई."

हेच ते. एवढंच वाक्य.

वस्तीभर झालं, गोळ्या फुसक्या आहेत. ज्या बाया घेत होत्या त्यांनी पाकिटं ताईला परत नेऊन दिली. माझी धाकटी जाऊ मंगल, तीन वर्षं तिला गोळ्या चांगल्या सोसल्या होत्या. ती म्हणाली, "आक्का, तुमच्यासारखीला राहिलं, मग माझं काय खरं?" मी चुलीत फुंकर मारत राहिले. माझ्या एका शब्दानं ती गोळ्या सोडायची थांबली असती.

ताई आली. पाकीट उलटंपालटं करून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिला कळलं का? मी जमिनीकडं बघत होते. त्याच आठवड्यात ओट्यावर ती सगळ्यांना म्हणाली, "गोळीत खोट न्हाई. माझंच सांगणं कमी पडलं आसंल." मी दुसऱ्या ओळीत बसले होते.

मंगलला दिवस गेले. तिच्या अंगात आधीच रक्त कमी. चौथ्या महिन्यात, भर दुपारी, कापसात उभ्या-उभ्या तिच्या अंगावरून जायला लागलं. ताईनं युसूफवडगावातून जीप आणली, मंगलचं डोकं मांडीवर घेऊन अंबाजोगाईला गेली. भाडं अठराशे, स्वतःच्या पर्समधून. आमच्या घरातून ते कुणी दिलं नाही, तिनं मागितलंही नाही. मंगल वाचली. पोटातलं गेलं. भरलेली घागर ती आजही उचलू शकत नाही. तिची घागर मीच डोक्यावर घेते.

आणि ताई? पहिल्या घरापासून पुन्हा फिरली. दारं लावून घेतली बायांनी, तरी फिरली. दोन वर्षं लागली तिला, एकेक बाई परत मिळवायला. मंगलला तिनंच तांबी बसवून आणली. मलाही.

माझी लेक आता चौथीत आहे. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. ती माझी लाडकी आहे, तरी तिच्याकडं बघताना चुलीतल्या त्या गोळ्या मला दिसतात.

गोधड्या शिवून हातात चार पैसे यायला लागले, तेव्हा ताईला जीपचं भाडं थोडं-थोडं द्यायला सुरुवात केली. कशासाठी म्हणून तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही — ओठापर्यंत आलं, प्रत्येक वेळी. परवा शेवटचे दोनशे तिच्या हातावर ठेवले. तिनं न मोजता पर्समध्ये टाकले आणि म्हणाली, "मंगलची तांबी तपासायची हाय, सोमवारी तिला घेऊन ये."

अठराशे पुरे झाले.