अस्वलाचा वाटा

शुक्रवारी आमच्या वर्गात अस्वलाची मेजवानी होती... आणि अस्वलच आलं नाही.

खोडाळ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर मी शिकवते ती चौथीपर्यंतची शाळा आहे. एखादं पुस्तक वाचून होत आलं की आम्ही त्या पुस्तकातली पार्टी करतो. गोष्टीतले जे खातात ते खायचं, तसंच नटायचं आणि गोष्टीचा शेवट पार्टीतच वाचायचा. समुद्राच्या गोष्टीला माझी निळी साडी वर्गभर अंथरली होती... ती अजून स्वच्छ झालेली नाही.

या वेळच्या गोष्टीत एक म्हातारं अस्वल आहे. थंडीतली लांब झोप घेण्याआधी ते सगळ्या जंगलाला जेवायला बोलावतं. सगळे जेवल्याशिवाय झोपणार नाही, म्हणून दारात बसून राहतं.

अस्वल होणार होती चौथीतली संगीता. वर्गात सगळ्यात भारी वाचते ती. आजोबांची काळी घोंगडी मागून आणून आठवडाभर तालीम चालली होती.

पण दिवाळी झाली की आमच्याकडे वीटभट्टीचे टेम्पो सुरू होतात. आईबापांबरोबर पोरंही जातात आणि वर्ग रिकामा होत जातो. संगीताच्या बापाला मी जाऊन भेटले, हिला आजोबांकडे ठेवा म्हणून विनवलं. चौथीचं वर्ष... आता शाळा तुटली तर पाचवीला दुसऱ्या गावी कोण पाठवणार तिला?

तो खाली बघत म्हणाला, "बाई, आमी दोघंबी भट्टीवर. धाकल्याला कोण बघंल?" शुक्रवारची पार्टी होईपर्यंत थांबतो, एवढं मात्र त्याने कबूल केलं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं... टेम्पो गुरुवारी संध्याकाळीच आला.

शुक्रवारी मोखाड्याहून जीपमध्ये मांडीवर केक सांभाळत मी पोचले, तर दारात जनी उभी. ही संगीताची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या हातात ती घोंगडी होती.

"संगी गेली, बाई. ज्याला अस्वल करशाल त्याला ही द्याया सांगली तिनी."

मला रडू नाही आलं, राग आला. बापाचा, टेम्पोचा आणि खरं सांगायचं तर त्या केकचाही.

दुसरं कुणीतरी अस्वल व्हा, म्हटलं. कुणी जागचं हललं नाही. शेवटी घोंगडी माझ्या खुर्चीवर ठेवली आणि सुरुवात केली. फुगे होते, उंदीर झालेल्या पोरांना सुतळीच्या शेपट्या होत्या, घराघरांतून आलेले नागलीचे लाडू होते... हसत मात्र कुणी नव्हतं.

वाढायचं काम मुलांकडे असतं. त्यांनी पळसाची पानं मांडायला घेतली आणि ओळ काही संपेचना. केक आधीच पुरेल की नाही याची मला धास्ती. "अरे, इतकी पानं कशाला?" मी जरा चिडूनच विचारलं.

जनीने मान वर केली नाही. "वाटं हायेत, बाई. मासं मारलं का घरी नसंल त्याचाबी वाटा टाकतात."

हे मी पाहिलंय. पाड्यावरची माणसं मिळून नदीला मासे मारतात, तेव्हा आजारी असेल, परगावी असेल, त्याच्या घरचाही ढीग पडतो. त्यात कुणी उपकार केल्यासारखं बोलत नाही. पण केकचेही तसेच वाटे पडतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग एकेका पानावर बोट ठेवत तिने नावं घेतली. रमेश. सुनी. काशी. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेली सगळी पोरं. केकचे तुकडे नखाएवढे झाले, तरी कुणी कुरकुरलं नाही. समोर मूल बसलेल्या पानांपेक्षा नुसतीच मांडलेली पानं जास्त होती... मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

शेवटी पुस्तक उघडलं, तर जनी म्हणाली, "नको, बाई. अस्वल नाय जेवलं अजून." मी पुस्तक मिटलं.

दुपारी मुलांनी वाटे घरोघर पोचवले. कुलूप असेल तिथे शेजारी दिले. संगीताच्या आजोबांनी केक घेतला, लाडू परत पाठवला. शिमग्याला येईल ती, तिलाच द्या म्हणाले.

तो लाडू आता माझ्या कपाटात, स्टीलच्या डब्यात आहे. होळीपर्यंत टिकणार नाही, हे सगळ्यांना कळतं. "इटला तर दुसरा करून ठेवू," असं जनीने परस्पर ठरवून टाकलंय.

गेल्या वर्षी अशीच भट्टीवर गेलेली एक मुलगी होळीला आली होती. शाळेच्या कुंपणापाशी उभी राहून वर्गाकडे बघत राहिली आणि तशीच निघून गेली. मला तिला काय म्हणून हाक मारावी तेच सुचलं नव्हतं.

हजेरीत संगीताच्या नावापुढे मी रोज गैरहजर लिहितेय. पण पोरांनो, तुमचे उपकार आहेत... होळीला ती आली आणि कुंपणापाशीच थांबली, तर निदान म्हणता येईल, "संगी, आत ये. तुझा वाटा राहिलाय."