पंधरावा रकाना

खोचरेसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी आमच्या सेक्शनमध्ये पेढे वाटले गेले. एक त्यांच्यासाठी होता, बाकीचे आम्ही आमच्या सुटकेसाठी खाल्ले. खोटं कशाला बोलू? वीजकेंद्राच्या देखभालीत मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. मी केबलींची जुडी बांधायची आणि साहेबांनी तिला बोट लावून म्हणायचं, "सोड. परत बांध." दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा काही न बोलता निघून गेले की समजायचं, जमलं. शाबासकी हा शब्द कोल्हापुराहून इकडे येताना त्यांच्या सामानातून कुठेतरी पडला असावा.

पण माझं नशीब असं, की पास्थळला मी ज्या घरात भाड्याने राहतो त्याच्या शेजारचं घर साहेबांचं. ते तिकडून सुटले आणि इकडे मला सापडले.

घराभोवती त्यांचं दहा-बारा गुंठे मोकळं आवार आहे. पावसाळा सरेपर्यंत त्यात कमरेइतकं गवत होतं. साहेबांनी आयुष्यभर शिफ्ट केली, त्यामुळे हे गवत येतं कुठून आणि जातं कुठे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा ते खुर्ची टाकून अंगणात बसले आणि त्यांना दसऱ्याआधी गवत बघायला आलेली बायडी दिसली.

बायडी नागझरीच्या बाजूच्या पाड्यावरची. हे घर बांधलं तेव्हा ती इथे विटा वाहायला होती. तेव्हापासून दर दसऱ्यानंतर विळा घेऊन येते, चार-पाच दिवस उकिडवी बसून सगळं आवार कापते, पेंढ्या बांधते आणि पाड्यावरच्या रामूच्या टेम्पोत घालून घरी नेते. बदल्यात साहेबांच्या बायकोला, नर्मदावहिनींना, पहिल्या पावसात शेवळं आणि श्रावणात कंटोळी अशा रानभाज्या येतात. किती, कशाच्या बदल्यात, असला हिशेब दोघींनी कधी केला नाही.

"त्या गवतावर तिची गाय उन्हाळा काढते," वहिनींनी साहेबांना समजावलं. "गाय असली की हिला घरी थांबता येतं. नाहीतर गाय विकायची, घराला कुलूप लावायचं आणि दिवाळी झाली की मुलगा-सुनेबरोबर वीटभट्टीवर. साठी उलटलीय हो तिची."

साहेब कळवळले. माणूस वाईट नाही, फक्त चांगुलपणासुद्धा नियमाने करतो. म्हणाले, "या वयात पाच दिवस उकिडवं बसायचं? छे! आपण गवत कापायचं मशीन घेऊ. दोन तासांत आवार साफ. तिनं नुसतं उचलून न्यायचं." आणि बायडीला सांगून टाकलं, "यंदा विळा आणू नकोस. मशीन येतंय."

"कवा येतंय?" बायडीने विचारलं.

"निवड झाली की."

इथे बायडी फसली. साहेबांची निवड म्हणजे काय असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच संध्याकाळी मला बोलावणं आलं. "भाग्येश, तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे. तुलनात्मक तक्ता करायचाय." वायरचं, बॅटरीचं, पेट्रोलवरचं लहान, पेट्रोलवरचं मोठं. रकाने चौदा: वजन, आवाज, कंपन, गवत कापणाऱ्या नायलॉनच्या दोरीची जाडी, दोरी संपली की भरायला लागणारा वेळ, सुरू करायला किती झटके, खांद्याचा पट्टा, सुटे भाग बोईसरला मिळतात की पालघरला जावं लागतं... शेवटचा रकाना 'शेरा' असा होता आणि त्यात प्रत्येक मशीनपुढे 'विचाराधीन' असं लिहिलं होतं.

दसरा गेला. बायडी आली, फाटकाशी उभी राहिली. "मशीन आला काय, भाऊ?"

"बॅटरीचा प्रश्न आहे. चार्ज उतरला तर?"

चार दिवसांनी परत आली. गवत फुलोऱ्यावर आलं होतं. "मशीन आला काय?"

"वायर लांब लागते. त्यात सुरक्षिततेचा मुद्दा आहे."

तिसऱ्या खेपेला तिने काहीच विचारलं नाही. एक काडी उपटली, दाताखाली धरून बघितली आणि वहिनींना म्हणाली, "वयनी, अजून आठ दिस. मग गवत नाय, नुसतं लाकूड. गाय तोंड नाय लावायची." दिवाळीला बारा दिवस उरले होते. वहिनींनी त्या रात्री साहेबांना वाढलं, पण बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात असं दोनदाच झालं होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, साहेब मला घेऊन पालघरला हेतलबेनच्या दुकानात गेले. शेतीच्या यंत्रांचं दुकान आहे, बाई हुशार आणि सोशिक. साहेबांची ही पाचवी फेरी होती. त्यांनी तक्ता काढला तशी तिने कपाळाला हात लावला.

"काका, गवत कापायचंय की चंद्रावर जायचंय?"

"मशीन चालवून बघितल्याशिवाय मी सही करत नाही."

"मग हे घेऊन जा. एक दिवस चालवा, सोमवारी आणून द्या. पैसे नंतर. पण आज दुकानातून जा!"

पेट्रोलवरचं लहान मशीन घेऊन आम्ही परतलो. रविवारी सकाळी चाचणी ठरली. साहेबांनी हेल्मेट चढवलं, डोळ्यांना गॉगल, कानांत बोळे, पायांत गमबूट. फाटकावर पाटी लावली, 'काम चालू आहे. विनापरवाना प्रवेश नाही.' विनापरवाना येणार कोण होतं? एक मी आणि एक कोंबडी. बायडीला खास बोलावून ओट्यावर बसवलं होतं, तिचे कष्ट कसे वाचतात ते बघायला.

सातव्या झटक्याला मशीन सुरू झालं. साहेबांनी घरामागच्या कोपऱ्यातला एक पट्टा दहा मिनिटांत सपाट केला. खरंच केला. मशीन बंद करून, गॉगल वर सारून ते वळले. चेहऱ्यावर मी अकरा वर्षांत न पाहिलेली चमक होती.

"बघ बायडी! उचल आता!"

बायडी उठली आणि वाकून बघू लागली. उचलायचं काय? नायलॉनच्या दोरीने गवताचे बोटाबोटाएवढे तुकडे केले होते. अर्धे मातीत मिसळले होते, अर्धे भिंतीवर, वहिनींच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर आणि साहेबांच्या मिशीत होते. नुसती हिरवी चटणी झाली होती. तिने एक मूठ भरली, नाकाशी नेली.

"भाऊ, याची पेंढी कशी बांधायची?"

साहेब मिशीतले तुकडे झटकू लागले.

"आणि पेट्रोलचा वास मारतो. गाय तर तोंड फिरवंल." मग उरलेल्या आवाराकडे बघत तिने अगदी हळू विचारलं, "बाकीचं पण असंच करणार काय?"

त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि वहिनी पदराने डोळे टिपत आत गेल्या.

साहेबांनी हेल्मेट काढलं. खिशातून तक्ता काढला, चौदा रकाने डावीकडून उजवीकडे वाचले, मग उजवीकडून डावीकडे. पेन मागितलं आणि उरलेल्या समासात हाताने एक रेघ ओढून पंधरावा रकाना केला: 'पेंढी बांधता येते का?' वायरचं, नाही. बॅटरीचं, नाही. लहान, नाही. मोठं मशीन, तेही दोरीचंच, नाही. मग खाली एक नवी ओळ घातली, 'विळा', आणि तिच्यापुढे 'होय' लिहून सही केली, तारखेसकट.

सोमवारी मशीन परत गेलं. "काका, शेवटी कुठलं ठरलं?" हेतलबेनने विचारलं.

"विळा."

"तो मी ठेवत नाही," ती म्हणाली आणि देवाच्या फोटोला तिने हात जोडले.

विळे बोईसरच्या बाजारात मिळाले, तीन घेतले. साहेबांनी तिथेही धारेवर अंगठा फिरवून दुकानदाराचा अर्धा तास खाल्लाच. मग मी चार दिवस रजा टाकली. बायडी, वहिनी, साहेब आणि मी एका ओळीत उकिडवे. साहेबांचे गुडघे वाजत होते, पण तक्रार नव्हती. कापायला ते चटकन शिकले. अडचण आली बांधताना. गवताच्याच काड्यांना पीळ द्यायचा, पेंढीभोवती आवळायचा आणि टोक आत खोचायचं. बायडी हे न बघता करते.

साहेबांनी पहिली पेंढी बांधून तिच्यापुढे ठेवली. तिने एक बोट घालून बघितलं.

"ढिली हाय. सोडा. परत बांधा."

माझा विळा हातातच राहिला. अकरा वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो असा फुकटात समोर आला होता. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. निमूट सोडली, परत बांधली. बोट.

"सोडा. परत."

तिसऱ्यांदा त्यांनी पेंढी गुडघ्याखाली दाबून पीळ आवळला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. बायडीने पेंढी एका हाताने उचलली, दोनदा जोरात हलवली, कानाशी धरल्यासारखी केली आणि ढिगावर टाकली.

"आता बरी झाली, भाऊ. आता चैतापर्यंत सुटत नाय."

साहेब शाळकरी पोराइतके लाजले. दिवाळीआधी दोन दिवस रामूचा टेम्पो भरून गेला. दिवाळी झाल्यावर तिचा मुलगा मिथुन आणि सून भट्टीवर गेले, बायडी गायीपाशी राहिली. पण ते नंतर. त्या दिवशी साहेब बराच वेळ पुढच्या पेंढीला पीळ देत बसले होते. मग मान वर न करता म्हणाले,

"भाग्येश, तुझ्या केबलीच्या जुड्या चांगल्या असायच्या रे. मी कधी म्हणालो होतो का?"

"नाही, साहेब."

"म्हणायला पाहिजे होतं."

मी हातातल्या पेंढीचं टोक आत खोचलं. तेवढ्यात पलीकडून बायडी ओरडली, "बोलत काय बसलाय दोघं? तो कोपरा कोन कापील, मशीन?"

आम्ही दोघं गुडघ्यांवर हात टेकून उठलो आणि त्या कोपऱ्याकडे गेलो.