अक्काची किडनी
नवी पेठेत टपरीवर कुणी मावा चोळायला लागलं, की चुन्या-तंबाखूच्या त्या वासानं माझी पावलं अजून पलीकडच्या फुटपाथकडं वळतात. आई आजारी पडली तेव्हा, तिनं मामाला किडनी दिल्याला बरीच वर्षं झाली होती. मामाच्या किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन चांगलं आलं की पेढे वाटले जायचे. आईचंही एकदा तपासावं, हे कुणाला सुचलंच नाही. शेवटी तिचे पाय सुजले, उरलेली किडनीही बिघडल्याचं कळलं आणि तिला दवाखान्यात ठेवलं. मामा भेटायला आला तो मास्क लावून, आणि फिनेलचा वास मारणाऱ्या वॉर्डच्या दारातच थांबला. "आत येत न्हाय अक्का, मला इन्फेक्शन लई लवकर हुतंय." आई म्हणाली, "नगं येऊस बाबा, जप तू." त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला, तळहातावरचा मावा गालात कोंबला आणि म्हणाला, "जपतोय की. तुजीच किडनी हाय." मग जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारून खाली उतरला. आई आता डायलिसिसला जाते. मामाचा रिपोर्ट चांगला आला की पेढे अजून येतात, मी डबा उघडतही नाही, आणि ती तो देवापुढं ठेवून हात जोडते.