निर्माल्यातली जटावाली

बदलापूरच्या मांजर्लीत वेणूबाईंच्या खिडकीला झाडं आहेत, पण कुंडी एकही नाही. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथल्या मालकीणबाईंनी वाळला म्हणून एक एअर प्लांट कचऱ्यात टाकला, तो वेणूबाईंनी घरी आणला. मातीवाचून जगणारं, पानांनीच पाणी पिणारं ते झाड तगलं आणि मग खिडकी भरत गेली.

इंग्रजी नावं तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी रूपावरून घरची नावं ठेवली. रुंद, वळलेल्या पानांची ती कुरळी. लिंबाएवढी, टोकदार ती साळू. बुडाशी कांदा आणि वर पिळलेली पानं अशा दोघी होत्या. त्यातली हिरवीगार, चकचकीत ती तेलकट. जिच्या पानांवर राखेसारखी लव, ती जटावाली. हीच कचऱ्यातून आलेली. तिने आजवर फूल दिलं नव्हतं. यंदा गणपतीत मात्र पानं बाजूला केल्यावर आत लाल कोंभ दिसू लागला. दर्शनाला येणाऱ्यांना वेणूबाई आधी खिडकीशी नेत.

सणाला गावाहून आलेल्या थोरल्या जाऊबाई, गोदूबाई, यांना याचं हसू येई. मातीत पाय नाही ती कसली झाडं, असं त्या चारचौघांत विचारत.

दीड दिवसाच्या विसर्जनाच्या दिवशी वेणूबाईंनी झाडांना आंघोळ घातली. बुडात पाणी साचून कुजू नयेत म्हणून ती देवघराजवळ सुपात उलटी निथळत ठेवली आणि त्या स्वयंपाकाला लागल्या. विसर्जन करून नदीच्या घाटावरून सगळे परतले, तेव्हा सूप रिकामं होतं.

"जाऊबाई, सुपातली माझी झाडं?"

"ती झाडं? धुतलेली पत्री नव्हती ती? मी उत्तरपूजेला वाहिली गो, निर्माल्याबरोबर घाटावर गेली."

वेणूबाईंनी पायात चपला सरकवल्या. सूप उचलून घाटाकडे निघाल्या. गोदूबाई पदर खोचून मागोमाग.

निर्माल्याच्या पिंपापाशी नगरपालिकेच्या सोमाची ड्युटी होती. निर्माल्य न्यायला टेम्पो यायच्या बेतात आहे, असं कुरकुरत का होईना, त्याने पिंप ताडपत्रीवर पालथं केलं. दोघींनी चपला काढल्या, ढिगाला नमस्कार केला आणि हात घातले.

कुरळी लगेच सापडली. साळू केवड्याखाली होती. मग जास्वंदीच्या हारात अडकलेली एक कांदेवाली गोदूबाईंनी ओढून काढली. वेणूबाईंनी पाहिलं, हिरवीगार. तेलकट म्हणून सुपात ठेवली. थोड्या वेळाने दुर्वांतून दुसरी निघाली. तीही हिरवी.

"हीपण तेलकटच," म्हणत गोदूबाई पुन्हा ढिगात वाकल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

वेणूबाईंचा हात थांबला. तेलकट तर घरात एकच होती. मग या दोन कशा? तेव्हा त्यांना आठवलं, दर आंघोळीनंतर जटावालीही हिरवी दिसते. लव भिजली की पारदर्शक होते आणि आतला रंग वर येतो. सकाळपासून ती कोरडी झालीच नव्हती. बोटं फिरवून पाहिली, तर दोघी सारख्याच बुळबुळीत. कोंभावरून ओळखावी, तर दोघींच्या पोटात गुलाल.

त्यांनी दोघींना झटकलं, अलगद पुसलं आणि दोन तळहातांवर घेऊन नदीच्या वाऱ्याकडे धरलं.

"सोमा, टेम्पो थांबव जरा," गोदूबाईंनी फर्मावलं, आणि सोमाने खरंच हात आडवा केला.

डाव्या हातावरची चकाकत राहिली. उजव्या हातावरची टोकाकडून फिकट होऊ लागली, मग करडी, मग राखेसारखी. गुलाल पदराला लागून गेला होता, तरी मधोमध एक लाल टोक तसंच होतं. गोदूबाईंनी पानावरून बोट फिरवलं. लव लागली.

"अगो वेणू, ही तर भस्म लावून बसली!"

वेणूबाई हसल्या, मोठ्याने, भर घाटावर. सोमाने टाळी वाजवली आणि टेम्पोवाल्याला बोलावून जटावाली दाखवली.

परतताना सूप गोदूबाईंनी कोणाला घेऊ दिलं नाही. गौर आणावी तसं ते मिरवत आणलं, भेटेल त्याला थांबवून लव कोणती आणि चकाकी कोणती ते सांगत. दारात कोणीतरी पायांवर पाणी घालायला तांब्या आणला, तसा त्यांनीच हात आडवा धरला.

"तिच्यावर थेंब उडवू नका. आजची आंघोळ झाली तिची."