लाभार्थी उजवीकडे

१० सप्टेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. धान्य मिळणे हा त्या कायद्याने हक्क मानला. मात्र हक्क पात्र कुटुंबांचा, आणि पात्र कोण हे आधी कोणीतरी ठरवायचे. मालाडच्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या यव्होन रोझारिओने हे ठरवायलाच नकार दिला. तिच्याविषयी लिहायचे ते त्या नकारासाठी.

यव्होन मढची. वडील बोटीवर जातात, आई आयडा मालाडच्या बाजारात सुकी मासळी विकते. दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या लक्षात आले, की संध्याकाळच्या वर्गांना येणारी बरीच मुले कामावरून थेट येतात आणि पाणी पिऊन वेळ मारून नेतात. तिने राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे त्यांच्यासाठी खिचडी सुरू केली. तांदूळ-डाळ एका ट्रस्टची, जागा कँटीनमागची शेड. पहिल्या दिवशी स्वयंसेवक पिवळे टी-शर्ट घालून टेबलामागे उभे राहिले. उपाशी मुले लांबून वळसा घालून वर्गात गेली. पातेले भरलेलेच राहिले.

"आपल्याच कॉलेजातल्या पोरांसमोर ताट धरायचं? मी पण नसते आले," यव्होन म्हणाली.

टी-शर्ट गेले, टेबल गेले. नियम एवढाच उरला, की वाढणाऱ्याने पंगतीत जेवायचे आणि जेवणाऱ्याने कधीतरी वाढायचे. हळूहळू पातेले रिकामे होऊ लागले.

मग ट्रस्टने फोटोसाठी तगादा लावला. योजनेचे काम पाहणारे काशीराम सर मोबाइल घेऊन शेडमध्ये आले.

"लाभार्थी उजवीकडे, स्वयंसेवक डावीकडे. चला, पटकन."

कोणी हलले नाही.

"सर, इथे लाभार्थी कोणी नाही," यव्होन म्हणाली.

"मग तांदूळ कोण खातं? उंदीर?"

"आम्ही सगळे."

"हे बघ बाळा, फोटो नाही तर तांदूळ नाही. शेडही जाईल. माझ्या हातात काही नाही."

खिचडी शिजवणारा तिचा वर्गमित्र सर्वेश तिच्या कानाशी लागला. "अगं, एक फोटो ना यार! तत्त्वावर भात शिजत नाही."

"काढ फोटो, आणि उद्या बघ कोण येतं. परत आपण दोघंच बसू खात."

यापुढच्या क्षणाविषयी एकवाक्यता नाही. सर्वेश म्हणतो, हातातला डाव ठेवून आधी तो उजवीकडे जाऊन बसला. वाढायला असलेली जान्हवी म्हणते, आधी यव्होन. थोड्याच वेळात शेडमधले सगळे उजव्या भिंतीला टेकून बसले होते, यावर मात्र दोघांचेही एकमत आहे. डावी बाजू मोकळी.

"काढा सर," यव्होन म्हणाली.

"अरे, स्वयंसेवक कुठायत?"

"तुम्ही उभे आहात ना!"

सरांनी फोटो काढला आणि तोच ट्रस्टला पाठवला. तांदूळ बंद झाला, शेडला कुलूप लागले. त्यानंतरच्या सोमवारी खिचडी फाटकाबाहेरच्या फूटपाथवर वाढली गेली. तांदूळ ज्यांच्या घरून आणता आला त्यांनी आणला. कोणी आणला नाही, हे विचारायचे नाही असे ठरले. आयडाने सुकटीची चटणी धाडली, न खाणाऱ्यांसाठी लोणचे. पंगत अजून बसते. जागेची परवानगी यव्होनने पुन्हा मागितलेली नाही.

तो फोटो मी पाहिला आहे. त्यातल्या चेहऱ्यांपैकी त्या संध्याकाळी कोण उपाशी होते आणि कोण घरून जेवून आले होते, हे त्यावरून सांगता येत नाही. यव्होनला विचारल्यावर "तुला कशाला पाहिजे?" एवढेच उत्तर मिळाले. फोटो पाठवताना सरांनी सोबत काय लिहिले, तेही अद्याप कळलेले नाही.