प्रभूची खुर्ची

देवाला भिऊन वागावं असं सगळेच सांगतात. पण देवाला खरोखर, तळहाताला घाम फुटेपर्यंत भिणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो इथे परदेशात, लोअर हट नावाच्या शहरात, आमच्या कुंपणापलीकडे राहतो. मी त्यांना काका म्हणते. मूळचे नगरकडचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, पेशाने इमारतींचे इंजिनिअर. भूकंपाच्या देशात इमारती तपासायला आलेला माणूस भित्रा असणं तसं सोयीचंच. पण काकांच्या भीतीला ऑफिसची वेळ ठाऊक नाही. कॅफेत शिरले की मेनूच्या आधी ते छत वाचतात, आणि त्यांना पसंत पडणारं टेबल हमखास संडासाच्या दाराशी असतं. घरातलं एकूण एक कपाट भिंतीला आवळलेलं. बरण्यांच्या बुडाशी त्यांनी कसलासा चिकट लगदा लावलाय, त्यामुळे त्यांच्याकडे लोणचं हवं असेल तर बरणी आपल्याकडे येत नाही, आपणच ताट घेऊन बरणीकडे जायचं. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस इथल्या पद्धतीने सहज म्हणाला, ‘शी’ल बी राइट, मेट’, म्हणजे होईल सगळं ठीक. काकांनी त्याला बसवून घेतलं आणि विचारलं, ‘हाउ डू यू नो?’ बिचाऱ्याने हत्यारं गोळा केली आणि गेला.

भूकंप, वणवा, त्सुनामी, शिळा भात या सगळ्यांवर काकांकडे काही ना काही उपाय होता. परमेश्वरावर मात्र नव्हता. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर, सामोआ बेटांवरच्या एका धिप्पाड गृहस्थाच्या पाठीमागे बसत. तो गृहस्थ एखाद्या रविवारी आला नाही, तर काकांची पूर्ण उपासना बुटाची नाडी बांधण्यात जाई. मी एकदा हसून कारण विचारलं, तर कुंपणावरून वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, ‘हे बघ, परमेश्वर चांगलाच आहे. पण त्याचं आपल्याकडे लक्ष जाता कामा नये.’ तरुणपणी त्यांनी एकदाच गुडघे टेकून मनापासून मागणं मागितलं होतं: या देशातली नोकरी. नोकरी मिळाली, आणि त्याच आठवड्यात नगरला आई गेली. तेव्हापासून त्यांनी काही मागायचंच बंद केलं. गाण्याच्या वेळी नुसते ओठ हलवत.

मला याची गंमत वाटायची. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. मी काकांना चिडवायची, ‘बघा, आम्ही दरवर्षी देवाला घरी आणतो, काही बिघडलंय का?’ काका गंभीरपणे म्हणायचे, ‘तुमचं बरं आहे. तुम्ही त्याला पोचवून येता. आमचा एकदा आला की जात नाही.’

गेल्या डिसेंबरात काकूंना काखेत गाठ लागली. काकू स्वतः नर्स; कुणाला न सांगता जाऊन तपासण्या करून आल्या. पण या देशात नाताळ म्हणजे भर उन्हाळा. पोहायचे टॉग्ज आणि रबरी जॅंडल्स घालून सगळे समुद्रावर. डॉक्टरांचा फोन आता जानेवारीतच येणार, असं कळलं. काकू शांत होत्या, करंज्यांचं सारण परतत होत्या. काका मात्र हातात पाना घेऊन घरभर फिरत होते आणि आधीच घट्ट असलेले नट आणखी पिळत होते.

त्यात काकूंनी एक मागणं केलं. त्यांच्या माहेरी, जालन्याकडे, नाताळच्या जेवणाला एक खुर्ची प्रभूसाठी मोकळी ठेवत आणि तिच्यासमोर भरलेलं ताट वाढत. इथे आल्यापासून जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची भूकंपाच्या पिशवीला दिलेली: पाणी, टॉर्च, बिस्किटं, औषधं. ‘या वर्षी त्याला जागा करू या,’ काकू म्हणाल्या. काका म्हणाले, पिशवी हाताशीच हवी. मग म्हणाले, ती खुर्ची डुगडुगते. ती डुगडुगत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी खरोखरच डुगडुगायला लागली. काकूंनी मला बोलावून सांगितलं, ‘तू जरा समजाव गं. माझं ऐकत नाहीयेत.’

काका गॅरेजमध्ये होते. मी म्हटलं, ‘काका, एक पिशवी खाली ठेवायला काय होतंय?’

‘पिशवीचं नाही गं.’

‘मग?’

त्यांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. ‘बोलावलं. आला. पोटभर जेवला. आणि उठताना म्हणाला, चला, आता हिला घेऊन जातो. तर मी काय करू? घरी आलेल्या प्रभूला नाही म्हणू?’

एरवी माझ्याकडे त्यांच्यासाठी चेष्टेची कमी नसते. त्या दिवशी मी तशीच घरी आले. काकूंना काय सांगायचं ते मला कळेना, म्हणून काहीच सांगितलं नाही.

नाताळच्या दुपारी बासुंदीचं पातेलं घेऊन मी त्यांच्याकडे गेले. पिशवी जमिनीवर होती. खुर्चीचा पाय घट्ट केलेला. काकूंनी ती आपल्या अगदी शेजारी मांडली होती आणि काकांची जागा समोर. काका दाराशी उभे राहून त्या दोन खुर्च्यांकडे पाहत होते. काकू भात आणायला आत वळल्या, तसे ते झटकन पुढे झाले. प्रभूची खुर्ची त्यांनी उचलून टेबलाच्या टोकाला नेली, आपली खुर्ची मध्ये घातली आणि तिच्यात बसले. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला काकू, मध्ये काका.

काकू भात घेऊन आल्या. त्यांनी खुर्च्या पाहिल्या, नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, पण त्या एवढंच म्हणाल्या, ‘अहो, त्याला मटण वाढा.’

काकांनी वाढलं. थोडा रस्सा टेबलावर सांडला. मग त्यांनी डोळे मिटले आणि या घरात मी कधी ऐकली नव्हती अशी मोठ्याने प्रार्थना केली: ‘प्रभू, सावकाश जेव. काही लागलं तर मला सांग. तिला उठवू नकोस.’

जानेवारीत फोन आला. नको ती बातमी खरी निघाली. काकूंचे उपचार चालू आहेत. केस गेलेत, जेवण कमी झालंय, आणि पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. काका अजून तितकेच घाबरतात. पण ती खुर्ची त्यांनी टेबलाच्या टोकाशीच ठेवली आहे, आणि काकू चार घास खायला येऊन बसल्या की ते रोज दोघांच्या मध्ये बसून जेवतात.